टाक्यापलीकडचा ठोका

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचते, पण आजवर वाचले ते चूक शोधायला. "इथे बीपी लो झालं असणार", "ही अर्धवट झोपेतली गडबड" असं प्रत्येक अनुभवाखाली मनातल्या मनात लिहून मी मोकळी होते. पेशाने सर्जन आहे. माहेर गोव्यातल्या कारापूरचं. आमच्या गावात प्रत्येक वळणावर एक देवचार, म्हणजे राखणदार भूत, आणि प्रत्येक काकूकडे त्याच्या दोन तरी गोष्टी... मी त्या कधी शेवटपर्यंत ऐकल्या नाहीत. भीतीने नव्हे, कंटाळ्याने. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे, याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय.

मोपाच्या पठारावर विमानतळाचं काम जोरात चालू होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी उत्तर गोव्यातल्या एका हॉस्पिटलात होते. कुठल्या ते सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. बाकी घडलं तसंच लिहिते.

आधी माझं काम थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये कधीकधी जबड्याचं हाड काढावं लागतं. तिथे नवीन हाड बसवायचं तर ते पेशंटच्याच पायातून घेतात. नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असतं, ते काढलं तरी माणूस चालू शकतो. ते हाड, त्यावरच्या कातडीचा तुकडा आणि दोघांना जगवणाऱ्या रक्तवाहिन्या असं सगळं मिळून उचलायचं. याला आम्ही फ्लॅप म्हणतो. पायापासून सुटलेला फ्लॅप म्हणजे मुळासकट उपटलेलं रोप. त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडल्या आणि रक्त चालू झालं, तरच तो जगतो. एक धमनी, रक्त आत नेणारी. एक शीर, बाहेर आणणारी. धमनी फार तर उदबत्तीच्या काडीएवढी जाड. मायक्रोस्कोपखाली, केसापेक्षा बारीक दोऱ्याने तिच्या काठाकाठाने टाके घालायचे. एखादा टाका चुकून समोरच्या भिंतीत अडकला, तरी वाट बंद.

आणि वाट पुढच्या काही दिवसांतही बंद होऊ शकते. गुठळी झाली, शिरेला पीळ पडला, की सगळी मेहनत काळीनिळी पडते. म्हणून ऑपरेशननंतर नर्स सारखा फ्लॅप तपासत असते. रंग बघते, बोट लावून ऊब बघते, आणि डॉप्लर लावते. डॉप्लर म्हणजे पेनासारखं एक छोटं यंत्र. कातडीवर टेकवलं की आतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो... शूप्, शूप्, शूप्. आम्हा लोकांना याहून गोड आवाज दुसरा नाही.

पेशंटचं नाव उल्हास म्हणू. मूळचा सावंतवाडीकडचा. वीसेक वर्षं गोव्यात शिरगावच्या बाजूला खाणीवर टिपर ट्रक चालवला, खाणी बंद झाल्यावर मोपाला विमानतळाच्या कामावर टिपरच चालवायला लागला. बिऱ्हाड पेडण्यात, भाड्याच्या खोलीत. झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखूची गोळी ठेवायची, ही या लोकांची सवय. त्या गालातच गाठ झाली, खालच्या जबड्यात शिरली आणि बाहेरच्या कातडीपर्यंत आली.

त्याची बायको सुलक्षा. चाळिशी ओलांडलेली, शांत. माझ्या ओपीडीत ती खुर्चीच्या कडेला बसायची आणि नवऱ्याच्या वतीने एकच प्रश्न विचारायची.

"डॉक्टरांनू, हे जेवतले मां?"

जगतील का, असं तिने एकदाही विचारलं नाही. मी म्हटलं, "सगळं नीट झालं तर जेवतील. आधी पेज, मग मऊ भात, मग हळूहळू सगळं."

"मासे?"

"काटे काढून."

यावर उल्हास सुजलेल्या तोंडाने हसला होता.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि संध्याकाळी संपलं. रक्तवाहिन्या मी जोडल्या. मायक्रोस्कोपच्या समोरच्या आयपीसमधून बघायला आमचे सर होते. वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा खूप मोठे, आणि बोलायला अत्यंत कंजूष. रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडले, तसं रक्त टाके ओलांडून पलीकडे गेलं. पांढरट पडलेली कातडी आधी कडेने आणि मग मध्यापर्यंत गुलाबी झाली. सर म्हणाले, "हं." त्यांचं 'हं' म्हणजे उत्तम. पायाच्या कातडीचा तो तुकडा आता उल्हासच्या गालावर होता, डॉप्लर कुठे टेकवायचा ते कळावं म्हणून त्यावर एक खुणेचा टाका घातला आणि त्याला आयसीयूत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तर फिलोमेना माझीच वाट बघत होती. फिलोमेना आमच्या आयसीयूची सीनियर सिस्टर. फ्लॅप बघण्यात तिचा हात इतका बसलेला, की तिने 'बरो आसा' म्हटलं की मी निर्धास्त. त्या दिवशी ती तसं म्हणाली नाही.

"दोतोर, सिग्नल आसा. पूण सावकाश आसा."

"सावकाश म्हणजे? क्षीण?"

"न्हय. आवाज बरो, घट्ट. पूण सावकाश... तूंच आयक."

मी डॉप्लर खुणेच्या टाक्यावर टेकवला. शूप्... मग एवढी मोठी पोकळी, की मला वाटलं बॅटरी गेली... आणि मग परत शूप्. उशाकडचा हृदयाचा मॉनिटर मात्र टीक टीक टीक करत पळत होता. ऑपरेशननंतर नाडी जलद असते, तशी उल्हासची होती. फ्लॅपमधला ठोका तिच्या निम्म्यानेही पडत नव्हता.

वाचणाऱ्यांना कदाचित यात विशेष वाटणार नाही. पण विचार करा... माणसाला हृदय एकच. ते जितक्या वेळा धडकेल तितक्याच वेळा ठोका प्रत्येक धमनीत जाणार. नळ एक आहे, बादल्या कितीही असोत. तो गालात एका चालीने आणि मनगटात दुसऱ्या चालीने पडूच शकत नाही.

मी उल्हासचं मनगट धरलं. जलद. डॉप्लर मानेच्या दुसऱ्या बाजूला लावला. जलद, मॉनिटरच्या बरोबर. परत गालावर. सावकाश. फिलोमेनाने दुसरा डॉप्लर आणला. त्यातही तेच. मग माझ्या डोक्यात आलं, की यंत्र कधीकधी धरणाऱ्याच्या बोटातली नाडी पकडतं. पण माझी स्वतःची नाडी त्या क्षणी मॉनिटरपेक्षाही जोरात पळत असणार! फिलोमेनाने धरलं तरी तोच संथ ठोका.

एक शक्यता उरत होती. वाट अर्धी बंद असेल तर काही ठोके पलीकडे पोचत नाहीत. म्हणजे जोडलेल्या ठिकाणी गुठळी धरायला लागली असणार. फ्लॅप गुलाबी होता, गरम होता, सुई टोचल्यावर लाल रक्त येत होतं, सगळं छान होतं. पण थांबून पाहणं परवडणारं नव्हतं. उशीर झाला तर ते हाड मेलं असतं, आणि दुसऱ्या पायाचं हाड काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात... तेवढी ताकद त्या माणसात नव्हती. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "उघडून बघू."

बाहेर बाकावर सुलक्षा बसली होती. तिला सांगितलं, परत आत न्यावं लागेल. तिने पदर सावरला, उठायला गेली आणि बाकाची कड धरून परत बसली.

"काय झालं?"

"काय नाय ओ. कालपासना काय खाल्लंय नाय, म्हणान घेरी येता. ह्यांका न्हेया तुमी."

मी वॉर्डबॉयला तिच्यासाठी चहा आणि उंडो पाव आणायला सांगून आत गेले. खरं तर माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच.

भूल दिली, मानेचे टाके काढले, मायक्रोस्कोप आणला. जोड समोर आला. गुठळी नव्हती. पीळ नव्हता. शीर मोकळी, धमनी मोकळी. आणि मग मी थोडं मोठं करून बघितलं.

टाक्यांच्या अलीकडे उल्हासच्या मानेतली धमनी उड्या मारत होती, मॉनिटरच्या टीक टीक बरोबर. टाक्यांच्या पलीकडे, पायातून आलेली धमनी, संथ उचलत होती. उचलायची... थांबायची... परत उचलायची. मध्ये माझेच काळे टाके, गोलाकार, आदल्या दिवशी घातलेले. अलीकडे एक चाल, पलीकडे दुसरी. आणि रक्त मात्र अखंड वाहत होतं.

किती वेळ बघत होते सांगता येणार नाही. समोरच्या आयपीसवर सर होते. त्यांनी चिमट्याने पलीकडच्या धमनीला हलकेच स्पर्श केला आणि चिमटा तिथेच धरून ठेवला. एरवी ते असं कधी करत नाहीत. मग भूलतज्ज्ञाला विचारलं, "रिदम नीट आहे?"

"एकदम नॉर्मल, सर."

मायक्रोस्कोपला कॅमेरा होता, पण घाईघाईत आत घेतलेली केस, रेकॉर्डिंग कोणी लावलंच नव्हतं. आता लाव म्हणावं, तर काय म्हणून लाव म्हणायचं?

"बंद कर," सर शेवटी म्हणाले. "फ्लॅप जिवंत आहे. आपलं काम तेवढंच."

हात धुताना मी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही पाहिलंत ना?"

ते हात पुसत म्हणाले, "पाहिलं. समजलं नाही. न समजलेलं मी केस पेपरवर लिहीत नाही."

त्या दिवशी घरी येऊन मी पुस्तकं काढली. दोन-तीन परिचितांना मेसेज केले. खरा पेशंट आहे हे न सांगता, 'असं होऊ शकतं का' एवढंच विचारलं. एकाने लिहिलं, धमनी आकसली असेल. दुसऱ्याने लिहिलं, तू सुट्टी घे. मला भीती वाटत नव्हती, हे मुद्दाम सांगते. लहानपणी नवीन घड्याळ उघडून आत काय आहे ते बघावंसं वाटतं ना, तसं झालं होतं. ती चाल कुणाची तरी असल्यासारखी होती. आळशी नव्हती, थकलेली होती. हा शब्द तेव्हाच मनात आला होता, पण थकलेला ठोका असं कुठल्या पुस्तकात शोधणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत सुलक्षाला आत सोडलं. उल्हासला घशातून नळी होती, बोलता येत नव्हतं, औषधांमुळे तो पेंगत होता. खिडकीजवळची खाट होती, तिच्यावर ऊन येत होतं. सुलक्षाने त्याच्या पायाला हात लावला, जिथून हाड काढलं होतं तिथल्या बँडेजवर, आणि म्हणाली, "दुखता काय?" त्याने मान हलवली. मग ती त्याच्या गालाकडे बघत उभी राहिली. नातेवाइकांना पहिल्यांदा तो चेहरा बघणं जड जातं. सूज असते, टाके असतात. मला वाटलं तिला थोडा धीर द्यावा.

"इकडे या," मी म्हटलं. "तुम्हाला गंमत ऐकवते. ह्यांच्या गालात रक्त कसं चालतंय ते ऐका."

डॉप्लर टेकवला, आवाज मोठा केला. शूप्... शूप्... तीच संथ चाल. ती खाटेचा कठडा धरून कान देऊन ऐकत होती. चेहऱ्यावर जरासं हसू आलं.

"ह्यां ह्यांचा?"

"हो, त्यांच्याच गालातलं."

आणि आवाज थांबला.

मी डॉप्लर हलवला. नाही. टोकाला आणखी जेल लावलं. नाही. गुठळी झाली, फ्लॅप गेला, एवढंच डोक्यात. फ्लॅपकडे बघितलं तर गुलाबी! मॉनिटर बघितला तर टीक टीक टीक, काही फरक नाही. तेवढ्यात फिलोमेना ओरडली, "दोतोर! ही पडली!"

सुलक्षा कठड्यावरून घसरत खाली जात होती. फिलोमेनाने तिला काखेत धरलं. डोळे वर गेलेले, ओठ पांढरे. माझा एक हात डॉप्लरवर, दुसरा तिच्या खांद्याला. आणि त्या हातातल्या यंत्रातून, एकदम... शूप्. त्याच क्षणी तिने श्वास ओढला. मग आणखी एक शूप्. तिचे डोळे उघडले.

फिलोमेनाचं एक बोट तिच्या मनगटावर होतं. तिने माझ्याकडे बघितलं. तिने दुसरा हात वर केला आणि सुलक्षाच्या नाडीबरोबर एक बोट हवेत आपटायला लागली. शूप्, आणि बोट खाली. शूप्, आणि बोट खाली. एकदाही चुकलं नाही.

"काय झाला नाय ओ माका," सुलक्षा जमिनीवर बसून म्हणत होती. "उपाशी आसंय म्हणान."

उपाशी माणसाची नाडी अशी नसते. तिथेच ईसीजी काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला निघालेला संदेश पोचतच नव्हता, पूर्ण ब्लॉक. खालचा कप्पा आपल्या बळावर कसाबसा, संथपणे, धडधडत होता आणि मधूनच थांबत होता. एकदा जरा जास्त वेळ थांबला असता तर बाकावर बसल्या बसल्या ती गेली असती, आणि लोक म्हणाले असते, बिचारी नवऱ्याच्या काळजीने गेली. ती गेले काही महिने घेरी येऊन पडत होती, हे नंतर कळलं. पेडण्याच्या बाजारात एकदा, नळावर एकदा. नवऱ्याच्या आजारापुढे तिला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

हृदयविकार विभागात माझा बॅचमेट होता, शिरीष. त्याने तिला लगेच घेतलं. मांडीतून एक वायर हृदयापर्यंत नेऊन बाहेरच्या यंत्राला जोडली. हा तात्पुरता पेसमेकर. कायमचा दोन-तीन दिवसांनी बसवायचा. यंत्रावर जो वेग लावाल, त्या वेगाने हृदय चालतं.

हे सगळं होईपर्यंत मी शांत होते. ती वाचली, हे पुरे होतं. पण शिरीषच्या वॉर्डात तिच्या खाटेजवळ उभी असताना, तिच्या मॉनिटरवर तो नेमका, सरळ चाललेला ठोका बघून मला राहवलं नाही. मी फिलोमेनाला फोन लावला.

"उल्हासच्या गालावर डॉप्लर लाव. आणि फोन त्याच्याजवळ धर."

थोडा वेळ खरखर. मग फोनमधून आवाज. शूप् शूप् शूप्. संथ नाही. समोरच्या स्क्रीनवर सुलक्षाचा ठोका उमटत होता, आणि फोनमधला आवाज त्याच्या बरोबर.

मी म्हटलं, योगायोग. उल्हासची नाडी आता तेवढीच असेल. "फिलोमेना, मॉनिटर काय म्हणतो?"

"मॉनिटर बेगीन बेगीन धांवता, दोतोर. कालच्या सारकोच. गालांतलो वेगळो."

शिरीष तेवढ्यात त्याच्या कामासाठी आला. पेसमेकर नीट पकडतोय ना हे बघायला ते लोक वेग वरखाली करून बघतातच. माझ्या कानाशी फोन बघून त्याने भुवया उंचावल्या. मी फोन स्पीकरवर टाकला. त्याने बटण फिरवलं. स्क्रीनवरचे ठोके जवळजवळ आले. फोनमधले ठोकेही जवळजवळ आले. त्याने वेग कमी केला. फोनमधले ठोके लांबले.

"आवाज कुठून येतोय हा?" शिरीष म्हणाला. "हिलाच कुणी डॉप्लर लावलाय का?"

सुलक्षा पांघरूण घेऊन पडली होती, दोन्ही हात बाहेर. तिला कुणीच काही लावलं नव्हतं.

"मग कुणाचा आहे?"

"हिच्या नवऱ्याचा. गालातला. दोन मजले वर."

शिरीषने हात बटणावरून काढला. "थट्टा करू नकोस," म्हणाला. मी फोन त्याच्यापुढे धरला. तो बघत राहिला, स्क्रीनकडे एकदा, फोनकडे एकदा. मग स्वतः बटण परत फिरवायला गेला... मला वाटतं त्यालाही आता खात्री करायची होती... आणि फोनमधून उल्हासच्या खोकल्याचा मोठा आवाज आला. घशातल्या नळीत कफ अडकला होता. फिलोमेनाने फोन बाजूला ठेवला, नळी साफ केली. ती परत बोलली तेव्हा धापा टाकत होती.

"आतां लायतां परत."

डॉप्लरचा आवाज आला. जलद. मॉनिटरच्या टीक टीकबरोबर, अगदी तंतोतंत. शिरीषने बटण फिरवलं, सुलक्षाचा वेग बदलला. फोनमधला आवाज बदलला नाही. पुन्हा फिरवलं. नाही. उल्हासचा गाल आता उल्हासच्याच चालीने चालत होता.

मी आयसीयूत धावत गेले. स्वतः लावून बघितलं. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तो घरी जाईपर्यंत रोज. पुन्हा कधीच तसं झालं नाही. फ्लॅप उत्तम बसला. सुलक्षाला कायमचा पेसमेकर बसला आणि दोघांना हॉस्पिटलातून घरी जायला एकच गाडी आली.

आम्ही चौघांनी हे पाहिलं-ऐकलं. सर, शिरीष, फिलोमेना आणि मी. सरांनी यावर पुढे चकार शब्द काढला नाही. शिरीष म्हणतो, मोबाइलमधला आवाज उशिराने पोचतो, त्यावर काही सिद्ध होत नाही. ते खरं आहे. पण मग मायक्रोस्कोपखाली मी काय बघितलं? फिलोमेनाला विचारलं तर ती म्हणाली, "पंचवीस वर्सां संवसार केला दोगांनी. इतलें तरी जावंकच जाय." एवढं तरी व्हायलाच हवं, हे ती इतक्या सहज म्हणाली, की मला तिचा हेवा वाटला.

उल्हासला मी नंतर विचारलं. घशातली नळी निघाली होती, नव्या जबड्याने शब्द अजून जाड यायचे. झोपेत काही दिसलं का, काही जाणवलं का, असं आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "तहान लागलेली. दुसरा काय नाय."

सुलक्षाला मात्र मी काही महिने सांगितलं नाही. भाबडी बाई, घाबरेल असं वाटलं. पण ती दर वेळी माझे आभार मानायची, 'तुमी माजा दुखणा ओळाखलास म्हणान वाचलंय' म्हणायची, आणि ते मला खोटं वाटायला लागलं. मी कुठे ओळखलं होतं? एकदा तपासणीला ती दोघं आली. उल्हास बाहेर कॅन्टीनमध्ये भाजीपाव खायला गेला, स्वतःच्या दातांनी नसला तरी स्वतःच्या तोंडाने. ती माझ्यासमोर त्याच खुर्चीत बसली, आणि मी तिला सगळं सांगितलं. टाके, अलीकडची चाल, पलीकडची चाल, फोन, सगळं. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत.

तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी संपवल्यावर हातातल्या पिशवीचे बंद चाचपत म्हणाली,

"म्हंजे माजा रगात गेला ह्यांच्या गालात?"

"नाही, नाही. रक्त त्यांचंच होतं. तुमचं एक थेंबही नाही. तुम्ही तर बाहेर बाकावर होता."

"रगात नाय?"

"नाही."

"मगे थंय माजा काय गेला?"

तिथे तिचं काय गेलं, हे ती खरंच विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर भक्ती नव्हती की भीती नव्हती. डॉक्टरला माहीत असेल म्हणून विचारत होती. मी इतकी वर्षं शिकले, शिकवलं, लोकांच्या माना उघडून आत बघितलं... आणि आता समोरचे केस पेपर उलटून बघत होते. तेवढ्यात उल्हास दारात येऊन उभा राहिला, पेडण्याची बस निघेल म्हणाला. ती उठली, जाता जाता मागे वळून म्हणाली, "कळला काय तर सांगा हां डॉक्टरांनू."

मी हो म्हटलं. अजून सांगता आलेलं नाही.